बुजऱ्या कुत्र्याला माणसाळवताना

रस्त्यावरून उचललेला, अपघातातून वाचलेला किंवा मालकाने वाऱ्यावर सोडलेला कुत्रा घरी आणला की पहिल्या दिवशी तो बहुधा एकच करतो: सापडेल त्या सांदीत शिरतो आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहतो. आणणाऱ्याच्या मनात माया दाटून आलेली असते, त्यामुळे त्याला जवळ घ्यावे, डोक्यावरून हात फिरवावा, हाताने भरवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मी पुण्यात बरीच वर्षे अशा कुत्र्यांना कायमचे घर मिळेपर्यंत माझ्या घरी सांभाळत आले आहे, आणि माझा अनुभव असा की या मायेपोटीच बुजऱ्या कुत्र्याचे पहिले काही आठवडे वाया जातात. जवळ घेतल्याने त्याची भीती जात नाही. आपल्यापासून किती अंतरावर राहायचे हे त्याला स्वतःला ठरवता येते आणि त्याने ठरवलेले अंतर समोरचा माणूस पाळतो, याची त्याला खात्री पटली की भीती ओसरू लागते.

बुजरा कुत्रा दिसला की 'याला कोणीतरी फार मारले असणार' असे आपण लगेच म्हणतो. काही वेळा ते खरेही असते, पण पुष्कळदा कारण वेगळे असते. पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जग ओळखून घेण्याचा असतो. या काळात माणसाचा स्पर्श, मुलांचा आरडाओरडा, भांड्यांचा आवाज, जिना, वाहने हे सारे त्याच्या सवयीचे झाले तर पुढे त्याला त्याचे काही वाटत नाही. जे या काळात भेटले नाही, त्याचा संशय राहतो. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेतून १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चौदा आठवडे माणसांपासून दूर वाढवलेली पिल्ले पुढे रानटी जनावरांसारखी वागताना आढळली होती. एखाद्या गोदामामागे आईजवळ वाढलेल्या आणि माणसाचा हात कधी न लागलेल्या पिल्लाला कोणी मारलेले नसते, त्याला माणूस ठाऊक नसतो, इतकेच. त्याशिवाय काही पिल्ले उपजतच भित्री असतात, भित्र्या आईचे पाहूनही भितात, आणि काही कुत्र्यांचा बुजरेपणा मुळात दुखण्यातून आलेला असतो. कारण नेमके कळले नाही तरी पुढची पद्धत फारशी बदलत नाही. मात्र 'याला माझी दया हवी आहे' या भावनेऐवजी 'याला माझी ओळख नाही' हे मनात धरले, तर आपली वागणूक आपोआप सौम्य होते.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा: या कुत्र्याला घर खरोखर हवे आहे का? आपल्या गल्लीत रुळलेला, नसबंदी होऊन कानाला खूण केलेला, दोन घरचे खाऊन दुपारी गाडीखाली झोपणारा प्रौढ कुत्रा केवळ माणसाच्या हाताला भितो म्हणून त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत कोंडणे हे त्याच्या भल्याचे असेलच असे नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही अशा कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर त्याच्याच भागात परत सोडावे, अशी तरतूद आहे. घराची गरज असते ती आईविना राहिलेल्या पिल्लांना, सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना, तीन पायांवर किंवा एका डोळ्यावर जगणाऱ्यांना, आणि ज्यांची परतायची जागाच उरलेली नाही अशांना. या शेवटच्या प्रकारातली एक कुत्री, चिंगी, माझ्याकडे आली होती. बांधकामाच्या जागेवर कामगारांच्या वस्तीत वाढलेली, अंदाजे दोन वर्षांची, तपकिरी, मागचा पाय मोडलेली. पाय जुळेपर्यंत इमारत पूर्ण झाली, वस्ती उठली आणि तिला ओळखणारी माणसे दुसऱ्या गावी निघून गेली. पुढे जे सांगते आहे त्यातले बरेचसे मला तिच्यामुळे नीट कळले.

सर्वात आधी डॉक्टर

भीती घालवण्याच्या प्रयत्नांना सुरुवात करण्यापूर्वी पशुवैद्याकडून सर्वांगाची तपासणी आणि रक्ताची चाचणी करून घ्यावी. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार आढळतो. अशा कुत्र्याची भूक मंदावते, हिरड्या फिकट होतात, तो मलूल पडून राहतो, आणि आपण मात्र 'शांत झाला, रुळला' असे समजतो. कानातला संसर्ग, किडलेला दात किंवा चुकीचे जुळलेले हाड असलेला कुत्रा स्पर्श टाळतो, कारण स्पर्शाने त्याला दुखते. दुखणे असताना त्याला स्पर्शाची सवय लावू पाहणे म्हणजे स्पर्श आणि वेदना यांची गाठ आपणच घट्ट करणे होय. लसीकरण, जंताचे औषध आणि नसबंदी यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. घरात आधीचा कुत्रा असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत दोघांना एकत्र आणू नये.

अशा कुत्र्यांना सांभाळणाऱ्याने स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. तरीही दात लागला किंवा ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'घरातलाच कुत्रा आहे' म्हणून थांबू नये.

घरातली त्याची जागा

कुत्रा आणण्याच्या आदल्या दिवशी खोली तयार असावी. वर्दळ नसलेली एक खोली निवडावी, आणि खोली नसेल तर दिवाणखान्याचा असा कोपरा निवडावा जिथून स्वयंपाकघराकडे किंवा न्हाणीघराकडे जाण्याची वाट जात नाही. दिवाणाखाली किंवा टेबलाखाली जुनी चादर सोडून आडोसा करावा. या आडोशाला बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात, कारण तोंडाशी कोणी उभे राहिले की एकाच वाटेची जागा सापळा होते. आडोशात हात घालून कुत्र्याला कधीही, कोणत्याही कारणाने ओढून काढू नये. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, हा नियम सांगून ठेवावा.

फरशीचा विचार फारसा कोणी करत नाही. मातीवर आणि डांबरावर चालण्याची सवय असलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत फरशीवर सरकतात आणि तो जागच्या जागी खिळतो. आपल्याला वाटते तो माणसांना भितो आहे, पण निम्मी भीती पायाखालची असते. आडोशापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून शी-शूच्या जागेपर्यंत सतरंज्या किंवा रबरी चटया अंथरल्या, तर काही कुत्री त्याच दिवशी पाय टाकू लागतात.

खिडक्या, गॅलरी आणि मुख्य दार यांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. भेदरलेला कुत्रा अनपेक्षित उंचीवरून उडी मारतो आणि अनपेक्षित फटीतून निसटतो. पहिले तीन दिवस त्याला आंघोळ घालू नये, पाहुण्यांना दाखवू नये, त्याचे फोटो काढत बसू नये. जेवण आणि पाणी ठरलेल्या वेळी ठेवावे, घाण झाली तर न बोलता पुसून घ्यावी आणि खोलीतून निघून जावे. त्याने दिवसभर काही खाल्ले नाही आणि रात्री सारे झोपल्यावर खाल्ले, तर ते चांगले लक्षण आहे. चोवीस तासांत पाणीही घेतले नाही तर मात्र डॉक्टरांना कळवावे. पिल्लाच्या बाबतीत तेवढेही थांबू नये.

तो काय सांगतो आहे

गुरगुरणे आणि चावा घेणे ही भीतीची शेवटची भाषा आहे. त्याच्या कितीतरी आधी कुत्रा बोलत असतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाऊ नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान न हलवता डोळे वळवणे आणि त्यामुळे डोळ्याची पांढरी कड दिसणे, कान मागे पाडणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, शेपूट पोटाशी घेणे, अंग चोरून बसणे, ही सारी 'जरा लांब राहा' अशी विनंती असते. ती ऐकली गेली नाही की तो गोठल्यासारखा स्तब्ध होतो, आणि ही स्तब्धता सर्वात फसवी आहे. मांडीवर घेतल्यावर 'बघा, किती शांत बसला' असे आपण ज्याला म्हणतो तो पुष्कळदा शांत नसतो. पळता येत नाही हे ओळखून त्याने अंग सोडून दिलेले असते.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये. गुरगुरणे दाबले म्हणजे भीती दाबली जात नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो, आणि ज्याने एकदा चावा घेतला त्याला घर मिळणे फार अवघड होते.

अंतर त्याने ठरवायचे

आता मुख्य गोष्ट. खाऊ दाखवून कुत्र्याला जवळ बोलावणे ही सर्वत्र चालणारी पद्धत बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मला चुकीची वाटते. भुकेपोटी तो मान ताणून, मागचे पाय मागेच ठेवून हातापर्यंत येतो, तुकडा उचलतो, आणि तुकडा संपताच आपण एका अनोळखी माणसाच्या हाताच्या अंतरावर उभे आहोत हे त्याच्या ध्यानात येते. खाऊने त्याला त्याच्या धैर्यापेक्षा पुढे ओढलेले असते. नेमक्या याच क्षणी दचकून चावे घेतले जातात.

त्याऐवजी खाऊ कुत्र्याच्या पाठीमागे टाकावा. आपण जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून, नजर खाली ठेवून बसावे. त्याने आपल्याकडे पाहिले की उकडलेल्या चिकनचा किंवा कलेजीचा नखाएवढा तुकडा, हात न उगारता, त्याच्या पलीकडे जाऊन पडेल असा अलगद सोडावा. तो वळतो, मागे जातो आणि खातो. त्याला दोन गोष्टी एकदम मिळतात: खाऊ आणि आपल्यापासून लांब जाण्याची मोकळीक. मग तो आपण होऊन परत वळतो, कारण पुढचा तुकडा कुठून येणार हे त्याला कळलेले असते. तो जितका पुढे येईल तितक्या वेळा त्याला खाऊ देऊन मागेच पाठवावे. काही दिवसांत तो ज्या रेषेवरून परत फिरतो ती रेषा आपल्याकडे सरकू लागते, आणि ती त्याने सरकवलेली असते. पाच-सात मिनिटांत थांबावे, आणि तो अजून खाण्यात रमलेला असतानाच थांबावे.

चिंगी अकरा दिवस दिवाणाखाली होती. मी रोज संध्याकाळी त्याच खोलीत, तिच्याकडे पाठ करून, भाजी निवडत बसत असे. भाजी निवडण्याचे काम यासाठी फार चांगले आहे: माणूस खाली बसलेला असतो, हात गुंतलेले असतात, नजर परातीत असते आणि सगळ्या हालचाली सारख्या व बारीक असतात. मध्ये मध्ये एक तुकडा मागे, दिवाणाच्या कडेशी टाकत असे. बाराव्या दिवशी मेथी निवडताना सतरंजीवर तिच्या नखांचा खरवडल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, आणि मग माझ्या उजव्या टाचेला ओलसर, गार काहीतरी लागले. ती हुंगत होती. मी वळले नाही, बोलले नाही, पुढची काडी उचलली आणि पाने खुडत राहिले. तिने टाच हुंगली, पायजम्याची कड हुंगली, आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी वाजताच बाहेर आली.

स्पर्शाची वेळ त्यानंतर येते, आणि तिलाही तोच नियम लागू होतो. डोक्यावरून येणारा हात कुत्र्याला झडप घातल्यासारखा वाटतो. म्हणून तो अंगाला चिकटून उभा राहू लागला की छातीच्या बाजूला किंवा खांद्याला, दोन-तीन सेकंद, बोटांनी हलके खाजवावे आणि हात काढून घ्यावा. हात काढल्यावर तो जवळ सरकला किंवा त्याने नाकाने हात ढोसला, तर पुन्हा खाजवावे. तो जागचा हलला नाही किंवा तोंड फिरवले, तर तेवढ्यावर थांबावे. मुलांना ही तपासणी लवकर समजते, आणि 'तो हो म्हणाला का?' असे विचारत ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

आवाज, वस्तू आणि सण

घरातल्या कुत्र्याला कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा आणि झाडू यांच्याशी जुळवून घ्यावेच लागते. प्रत्येकाची पद्धत एकच आहे. कुकरचे उदाहरण घेते. शिट्टीचा आवाज मोबाइलवर मुद्रित करावा. तो अगदी हळू, दुसऱ्या खोलीतून, एकदाच वाजवावा, आणि आवाज झाल्यावर लगेच खाऊ द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. उलट केले तर खाऊ दिसताच कुत्रा 'आता तो आवाज येणार' म्हणून घाबरू लागतो आणि खाऊचीच भीती बसते. आवाज झाल्यावर तो खाऊच्या आशेने आपल्याकडे पाहू लागला, की पुढच्या दिवशी आवाज किंचित वाढवावा. त्याने खाणे सोडले, तर आवाज जास्त झाला किंवा आपण घाई केली, असे समजून एक पायरी खाली यावे. झाडूच्या बाबतीत तो आधी नुसता जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या आसपास खाऊ पेरावा, नंतर जरासा हलवावा, आणि उभा धरणे शेवटी ठेवावे.

एकाच दिवशी डॉक्टर, पाहुणे आणि नवा आवाज असे सारे आले तर कुत्रा ज्या गोष्टीला काल घाबरत नव्हता तिलाही आज घाबरतो, कारण ताण एकावर एक साचत जातो आणि तो उतरायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस त्याला काहीही शिकवू नये.

पुण्यात गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशांचा सराव चालतो आणि त्यापाठोपाठ दिवाळी येते. फटाक्यांच्या काळासाठी डॉक्टरांशी दसऱ्यापूर्वीच बोलून ठेवावे. तीव्र भीतीवर आज चांगली औषधे आहेत, पण ती कुत्र्याचे वजन आणि प्रकृती पाहून, आधी एकदा देऊन पाहावी लागतात. नुसती गुंगी आणणारी काही औषधे शरीर लुळे करतात आणि भीती मात्र तशीच ठेवतात, म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने काही आणू नये. त्या दिवसांत अंधार पडण्याआधीच फिरवून आणावे, खिडक्या लावून पंखा किंवा गाणी सुरू ठेवावीत. घाबरून तो आपल्याजवळ आला तर त्याला खुशाल जवळ बसू द्यावे. धीर दिल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे.

घराबाहेर

बाहेर नेण्याची घाई करू नये. गच्चीवर किंवा मोकळ्या पार्किंगमध्ये रात्री दहानंतर दहा मिनिटे हुंगत फिरणे हे त्याच्यासाठी पुरेसे मोठे जग असते. भेदरलेला कुत्रा मागे सरकत सरकत मान आणि खांदे सोडवून घेतो, त्यामुळे साध्या पट्ट्यावर किंवा ढिल्या हार्नेसवर (छाती आणि पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर) विसंबू नये. अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि मानेचा पट्टा असे दोन्ही घालून दोन दोऱ्या लावाव्यात, आणि त्यांतली एक आपल्या कमरेला बांधावी. बटण दाबून लांब होणारी दोरी मुळीच वापरू नये: तिची प्लॅस्टिकची मूठ हातातून सुटली की ती खडखडत कुत्र्याच्या मागे धावते आणि कुत्रा तिच्यापासून पळत सुटतो. सुरुवातीला लिफ्टऐवजी जिना वापरावा. पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासूनच असावा, आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) बसवून घेता आली तर फारच चांगले.

या काळात सर्वात मोठी मदत दुसऱ्या, माणसाळलेल्या कुत्र्याची होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वीव्हरव्हिल इथे 'एएसपीसीए' या प्राणीकल्याण संस्थेने २०१८ साली केवळ अतिशय भेदरलेल्या कुत्र्यांसाठी कायमस्वरूपी केंद्र उघडले. तिथेही धीट कुत्र्यांना मदतनीस म्हणून सोबत घेतात. धीट कुत्रा माणसाकडून खाऊ घेतो, पोट दाखवून लोळतो, जिना चढतो, आणि बुजरा ते पाहतो. मी सांगून जे तीन आठवड्यांत झाले नसते, ते माझ्या म्हाताऱ्या कुत्र्यामुळे चिंगी चार दिवसांत शिकली.

घरात थोडेसे खेळही शिकवावेत. उघड्या तळहाताला नाक लावले की खाऊ, हा पहिला खेळ. कागदाचे बोळे भरलेल्या खोक्यात खाऊ लपवणे, हा दुसरा. खोके हलते, कागद वाजतो, आणि हे आवाज आपणच केले हे कळल्यावर कुत्र्याच्या अंगात एक वेगळीच उभारी येते. शेपूट त्या दिवशी प्रथम पाठीच्या रेषेत येते. प्रगती सरळ रेषेत होत नाही. कुत्रा घरात रुळण्याच्या टप्प्यांसाठी पहिले तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा सांगितला जातो; बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो मला अपुरा वाटतो. रोज दोन ओळींची नोंद ठेवावी: कुठे झोपला, कोणासमोर खाल्ले, कशाला दचकला. ही वही पुढे घर शोधताना सर्वात उपयोगी ठरते.

घर शोधताना

बुजऱ्या कुत्र्याची जाहिरात करताना दोन चुका होतात. एक म्हणजे जखमांचे आणि पाणावलेल्या डोळ्यांचे फोटो टाकून दया मागणे, आणि दुसरी म्हणजे 'अतिशय प्रेमळ, सर्वांशी मिसळणारी' असे खोटे लिहिणे. दयेपोटी आलेला माणूस कृतज्ञतेची वाट पाहतो, आणि कुत्रा महिनाभर खाटेखालून बाहेर आला नाही की निराश होतो. खोटे वाचून आलेला माणूस चार दिवसांत फोन करतो. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, त्याच्या नेहमीच्या जागी काढावेत. अर्ध्या मिनिटाचे चित्रण त्याहून बोलके असते, विशेषतः ओळखीच्या माणसाबरोबर तो कसा खेळतो याचे.

चिंगीसाठी मी असे लिहिले होते: "चिंगी, मादी, वय अंदाजे अडीच वर्षे. नसबंदी आणि लसीकरण पूर्ण. मागचा डावा पाय किंचित लंगडतो, त्याला उपचारांची गरज नाही. नव्या माणसाजवळ यायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ती दुसऱ्या खोलीत राहणे पसंत करते. ओळख पटली की पायाशी येऊन झोपते. घरात घाण करत नाही. कुकरची शिट्टी चालते, फटाके अजिबात चालत नाहीत. शांत घर हवे. आधीचा माणसाळलेला कुत्रा असल्यास उत्तम. लहान मुले असलेल्या घरी तिला देता येणार नाही." या मजकुरावर फोन फार आले नाहीत, पण जे आले ते सगळे नीट वाचून आलेले होते. निवृत्त झालेले एक जोडपे, ज्यांच्याकडे दहा वर्षांचा कुत्रा होता, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: "तिला लपायला कुठली जागा आवडते?" घर मिळाले हे मला तिथेच कळले.

चौकशी संकोच न ठेवता करावी. घरातल्या प्रत्येकाची संमती आहे का, दिवसभर घरी कोण असते, गावी जाताना कुत्रा कोणाकडे राहील, खिडक्यांना जाळी आहे का, घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का, हे विचारावे आणि घर प्रत्यक्ष पाहून यावे. सोसायटीत कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तरी शेजाऱ्यांना कल्पना आधीच दिलेली बरी. महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी करायला सांगावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानेही, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यावर तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी टाकली आहे. म्हणून दत्तकपत्रात 'सांभाळणे शक्य न झाल्यास कुत्रा आमच्याकडेच परत द्यावा' हे वाक्य असलेच पाहिजे, आणि ते तोंडीही सांगावे, म्हणजे परत करताना कोणाला लाज वाटणार नाही.

कुत्रा एका भेटीत देऊ नये. नव्या माणसांनी तीन-चार वेळा यावे, जमिनीवर बसावे, खाऊ मागे टाकण्याची पद्धत शिकून घ्यावी. मग त्यांच्या घरी नेताना त्याची न धुतलेली चादर, तेच भांडे, तेच खाणे आणि वेळापत्रकाचा कागद बरोबर द्यावा. निसटण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, म्हणून दोन दोऱ्यांचा नियम त्यांच्याकडून करवून घ्यावा. दुर्दैवाने तो निसटलाच तर त्याच्यामागे धावू नये, घोळका करून हाका मारू नयेत. जिथे शेवटचा दिसला तिथे त्याची चादर आणि खाणे ठेवावे, ज्याला तो सर्वात जास्त ओळखतो त्या माणसाने रात्रीच्या शांत वेळी तिथे जमिनीवर बसून राहावे, आणि रखवालदार, दूधवाले व परिसरात कुत्र्यांना खाऊ घालणारे यांना लगेच फोटो पाठवावा.

आपण स्वतः त्याला भेटायला पहिले दोन-अडीच महिने जाऊ नये. आपण गेलो की त्याला पुन्हा आपल्यामागे यावेसे वाटते आणि नव्या माणसांचे काम मागे पडते. फोन मात्र ठरलेल्या दिवशी करावा: तिसऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्याच्या शेवटी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी. 'कशी आहे?' असे विचारले की 'मजेत आहे' असे उत्तर येते, म्हणून प्रश्न वहीतलेच विचारावेत: कुठे झोपते, कोणासमोर खाते, कशाला दचकते. चिंगीच्या तिसऱ्या महिन्याच्या फोनवर आजोबांनी सांगितले की तिने खाटेखालची चादर स्वतःच ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली आहे आणि आता ती तिथेच झोपते. मी त्यांना खाटेखालचा आडोसा अजून महिनाभर तसाच ठेवायला सांगितले.